पहिले माप, मंग भाव

२०१६ ची दत्तजयंती. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजाराच्या कडेला मी टेबल मांडून बसले होते. टेबलावर सोळा चित्रं, सगळी घोड्यांची, बारा बाय सोळा इंच, जलरंगातली, काचेच्या फ्रेममध्ये. एका पांढऱ्या घोडीच्या चित्रापुढे एक शेतकरी बराच वेळ उभे राहिले. काचेवरूनच त्यांनी घोडीच्या मानेवर बोट फिरवलं आणि विचारलं, "हाई चित्र कितलाले शे, बाई?"

मला उत्तर देता आलं नाही. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, झालं होतं, शाळेत चित्रकला शिकवत होते, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला पोरं बसवत होते. पण भाव विचारल्यावर काय सांगायचं ते मी ठरवलेलंच नव्हतं. "तुम्हाला योग्य वाटतील तेवढे द्या," म्हणाले. नोटबंदीला महिना झालेला. त्यांनी पाकिटातून नवी कोरी पाचशेची नोट काढून दिली, चित्र उपरण्यात गुंडाळलं आणि गेले. त्यांचं काहीच चुकलं नाही. किंमत सांगायचं माझं काम मी त्यांच्यावर ढकललं, त्यांनी ते त्यांच्या अंदाजाने केलं. त्या चित्राला कागद, रंग, माउंट आणि फ्रेम मिळून माझे ६१० रुपये गेले होते.

अमळनेरला घरी आले तेव्हा नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं बोर्ड पेंटर. त्यांनी उरलेल्यांतलं एक चित्र उचललं, खिशातला टेप काढून लांबी-रुंदी घेतली, उलटं करून मागची फ्रेम पाहिली. मग म्हणाले, "पहिले माप ले, मंग भाव सांग."

त्यांचं सगळं काम असंच चालायचं. दुकानाचा बोर्ड रंगवायचा म्हणून कोणी आलं आणि "किती घ्याल?" म्हणालं, की नाना आधी टेप घेऊन दुकानावर जायचे. पत्रा आहे की भिंत, रंग किती, अक्षरांना सावली हवी का, शिडी लागेल का, हे सगळं वहीत लिहायचे. बोर्डाचा दर चौरस फुटाला, नंबर प्लेटचा दर अक्षराला. आकडा वहीत पडल्यावरच तोंडातून निघायचा. त्यामुळे समोर सराफ असो की पानटपरीवाला, आकडा बदलत नसे. मी चित्रकार झाले म्हणून हे सगळं माझ्या कामाला लागू नाही असं मी समजत होते. त्या रात्रीपासून मी नानांची पद्धत माझ्या चित्रांना लावत गेले. नऊ-दहा वर्षांत ती जशी बसली तशी सांगते.

एका चित्राचा पूर्ण हिशेब

तुमचं नुकतंच संपलेलं एक चित्र समोर घ्या आणि त्याला काय लागलं ते लिहून काढा. अंदाजाने नको. मी पाडळसरेजवळच्या तापीचं एक चित्र केलं होतं, चोवीस बाय तीस इंच, कॅनव्हासवर ॲक्रिलिक. त्या वेळी मी रंगाच्या प्रत्येक ट्यूबचं वजन स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर सुरुवातीला केलं आणि चित्र संपल्यावर पुन्हा केलं. पांढरा एवढा जातो हे मला तोवर माहीतच नव्हतं. आकाश, पाणी आणि वाळू या तिघांनी मिळून जवळजवळ एक पूर्ण ट्यूब खाल्ली. वजनावरून रंगांचे ६४० रुपये निघाले. मी मनात तीनशे धरून चालले होते.

तर त्या चित्राचा हिशेब असा:

चौकटीसह ताणलेला कॅनव्हास ८५०, रंग ६४०, ब्रशची झीज १५०, वॉर्निश १२०, नदीवर दोनदा गेले त्याचं पेट्रोल २००. एकूण १,९६०.

फ्रेम यात धरू नका, ती वेगळी लिहा. काही ग्राहकांना फ्रेम नको असते, काहींना स्वतःच्या हॉलला शोभेल अशी हवी असते. फ्रेमवाला पट्टीचा भाव फुटावर लावतो. चोवीस बाय तीसचा घेर १०८ इंच, म्हणजे नऊ फूट. पण चारही कोन तिरके कापताना पट्टी वाया जाते, म्हणून तो दहा फूट धरतो. ११० रुपये फुटाची पट्टी घेतली तर ११०० रुपये. हे ग्राहकाला जसंच्या तसं सांगायचं.

आता मजुरी. इथे सगळ्यात जास्त जण अडखळतात, कारण आपल्या आवडीच्या कामाची मजुरी मागायला जीव होत नाही. आमच्या ओट्याचं काम काढलं होतं तेव्हा गवंड्याने ९०० रुपये रोज घेतला. आठ तासांचे ९०० म्हणजे ताशी ११२. मी विचार केला, ओटा बांधायला जसं कसब लागतं तसं नदी रंगवायलाही लागतं. शिवाय गवंड्याला उद्याही काम असतं, मला कधी दोन महिने नसतं. म्हणून मी ताशी १५० धरले. तुमच्या गावात गवंडी, सुतार किंवा वायरमन यांना जो रोज मिळतो तो विचारून या आणि त्याच्या खाली उतरू नका. सुरुवात करणाऱ्यासाठी यापेक्षा सरळ मोजमाप मला दुसरं सापडलेलं नाही.

तास मोजताना नुसता ब्रश हातात असलेला वेळ धरू नका. कच्चं रेखाटन, कॅनव्हासला प्रायमर, वाळल्यावरचे हात, फोटो काढणं, पॅकिंग, हे सगळं कामच आहे. तापीच्या चित्राला २२ तास लागले. २२ गुणिले १५० म्हणजे ३,३००.

साहित्य आणि मजुरी मिळून ५,२६०. यावर वीस टक्के वरखर्चाचे: वीज, मोबाईल, खोलीचा कोपरा आणि मुख्य म्हणजे फसलेली चित्रं. दहा चित्रं काढली तर माझी दोन तरी फसतात, त्यांचा कॅनव्हास उरलेल्या आठांनीच सोसायचा असतो. वीस टक्क्यांचे १,०५२ झाले. एकूण ६,३१२ रुपये.

याला मी तळ म्हणते. याच्या खाली विकलं तर मी खिशातून पैसे घालते.

आता ७२० (२४ गुणिले ३०) चौरस इंचांनी ६,३१२ ला भागा. जवळपास पावणेनऊ रुपये येतात, नऊ धरा. असा हिशेब पाच-सहा चित्रांचा करा आणि सरासरी काढा. एकाच चित्रावर दर ठरवू नका, कारण एखादं चित्र तीन तासांत हाताला लागतं आणि एखादं तीन आठवडे छळतं. घेणाऱ्याला दोन्ही सारख्याच मापाची दिसतात. हे लवकर झालं म्हणून स्वस्त आणि त्याने छळलं म्हणून महाग, असं केलंत तर तुमच्या किमतीवर कोणाचा विश्वास बसणार नाही. म्हणून तास वहीत राहू द्या आणि भाव मापावर लावा.

गॅलरीचे चाळीस टक्के

इथे मी एकदा चांगलीच फसले, म्हणून थोडं थांबून सांगते. एका मोठ्या शहरातल्या गॅलरीने माझी तीन चित्रं ठेवून घेतली. विक्रीवर त्यांचं कमिशन चाळीस टक्के होतं. त्यातलं एक याच चोवीस बाय तीस मापाचं होतं. त्याच्यासाठी मी तळाच्या ६,३१२ मध्ये चाळीस टक्के मिळवले, ८,८३७ आले, आणि तेवढी किंमत दिली. चित्र विकलं गेलं. माझ्या खात्यावर ५,३०२ रुपये आले, तळापेक्षा हजार रुपये कमी. मला वाटलं गॅलरीने काहीतरी कापलं. वहीत पुन्हा मांडलं तेव्हा कळलं की गणित माझंच चुकलं होतं. मी चाळीस टक्के लावले माझ्या तळावर आणि गॅलरी घेते विक्रीच्या किमतीवर.

बरोबर गणित उलटं आहे. विक्रीच्या शंभरातले साठ माझे असतील तर ६,३१२ ला ०.६ ने भागायचं. येतात १०,५२०. म्हणजे चौरस इंचाला साधारण १४ रुपये ६० पैसे. मी सरळ १५ केले. चोवीस बाय तीसची किंमत झाली १०,८००, फ्रेम वेगळी. कमिशन तीस टक्के असेल तर ०.७ ने भागा, पन्नास असेल तर ०.५ ने. व्यापारी गॅलऱ्या बहुधा याच पट्ट्यात असतात. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी, जी १९५२ पासून काळा घोड्याला उभी आहे, तिथली गोष्ट वेगळी. तिथे दालनाचं भाडं भरून स्वतःचं प्रदर्शन मांडायचं असतं आणि नंबर लागायला वर्षं जातात. ते भाडं, आठवडाभराचं राहणं, चित्रं नेण्या-आणण्याचं भाडं हे एका प्रदर्शनातल्या चित्रांवर लादू नका. वर्षाच्या वरखर्चात टाका, नाहीतर तेच चित्र मुंबईत एका भावाने आणि अमळनेरला दुसऱ्या भावाने निघेल.

आणि असे दोन भाव मात्र कधी होऊ देऊ नका. कमिशन नसलं तरी घरून विकताना किंमत तीच, १०,८००. पुष्कळ जण मला विचारतात, मध्ये गॅलरी नाही तर कमिशनचे ते चार हजार कमी का करत नाही? कारण त्या विक्रीत गॅलरीचं काम मीच करते. फोटो पाठवते, वीस फोनांना उत्तरं देते, लोक घरी चित्र पाहायला येतात त्यांना चहा करते, त्यातले पंधरा काही घेत नाहीत. ते चार हजार त्या कामाचे आहेत. शिवाय जिने १०,८०० ला चित्र घेतलं तिला उद्या कळलं की शेजारणीला त्याच मापाचं साडेसहा हजारात मिळालं, तर ती पुन्हा येणार नाही आणि गॅलरीही पुन्हा बोलावणार नाही.

लहान-मोठं माप

चौरस इंचाचा एकच दर सगळ्या मापांना लावला की घोटाळा होतो. पंधराने गेलं तर आठ बाय दहा १,२०० ला पडतं, ज्यात मजुरीही निघत नाही, आणि छत्तीस बाय अठ्ठेचाळीस जातं २५,९२० वर, ज्याला आमच्याकडे घेणारा मिळत नाही. मोठ्या चित्राला मापाच्या प्रमाणात वेळ लागत नाही. आकाश मोठ्या ब्रशने भरता येतं. लहान चित्रात मात्र एका बोटाएवढ्या बैलगाडीला दुपार जाते.

काही चित्रकार लांबी आणि रुंदीची बेरीज करून इंचाला दर लावतात. तीही पद्धत वाईट नाही, पण माझ्या मापांना लावून पाहिली तर लहान चित्रं फार महाग आणि मोठी फार स्वस्त निघाली. म्हणून मी मधला रस्ता घेतला, माप वाढेल तसा दर उतरता ठेवला. कॅनव्हासवरच्या ॲक्रिलिकची माझी गेल्या वर्षीची यादी अशी होती:

८ बाय १०, दर २५, किंमत २,०००
१२ बाय १६, दर २०, किंमत ३,८००
१८ बाय २४, दर १७, किंमत ७,३००
२४ बाय ३०, दर १५, किंमत १०,८००
३६ बाय ४८, दर ११, किंमत १९,०००

यात एक खाच आहे, सांभाळा. "दोनशे चौरस इंचांपर्यंत वीस रुपये, पुढे पंधरा" असा नियम केलात तर दोनशे इंचांचं चित्र ४,००० ला आणि त्याहून थोडं मोठं, २१० इंचांचं, ३,१५० ला निघेल. मोठं चित्र लहानापेक्षा स्वस्त! म्हणून मी पाच ठरलेल्याच मापांत काम करते. मधलं माप कोणी मागितलं तर वरच्या मापाची किंमत लावते. जलरंगाची यादी वेगळी आहे आणि तिचा दर थोडा कमी आहे. कागदाला साहित्य कमी लागतं. त्याला काच लागते खरी, पण ती फ्रेमच्या हिशेबात जाते.

आपलं लाडकं चित्र असतंच एखादं. माझ्याकडे आईच्या हातच्या खापरावरच्या मांड्यांचं, म्हणजे मोठ्या पुरणपोळ्यांचं, एक आहे, चुलीच्या उजेडातलं. मन म्हणतं, याचे तीस हजार लाव. तसं करू नका. सारख्या मापाच्या दोन चित्रांत तुम्ही तिप्पट फरक केलात तर बघणाऱ्याला दुसरं चित्र कमी प्रतीचं वाटतं. द्यायचं नसेल तर "विक्रीसाठी नाही" अशी चिठ्ठी लावा. मांड्यांच्या चित्रावर तीच आहे.

अजिंठा आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची प्रतिकृती मागणारे बरेच येतात. दर तोच, कारण तास तेवढेच लागतात, उलट जास्तच. पण चित्रामागे आणि बिलावर "प्रतिकृती" हा शब्द स्पष्ट लिहिते.

इतरांचे भाव

यादी झाली की ती बाजारात नेऊन पाहायची. पुण्या-मुंबईला गेलात तर प्रदर्शनातल्या टेबलावरची किमतींची यादी मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, जळगाव-धुळ्याला भरणारी गटप्रदर्शनं, सगळीकडे माप, माध्यम आणि किंमत टिपून आणा. मात्र तुलना आपल्याएवढ्यांशीच करा. दोन-चार गटप्रदर्शनं केलेला माणूस काय घेतो ते बघा. तीस वर्षं काम केलेल्यांचे आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत.

तुमचा तळ बाजारभावापेक्षा वर निघाला तर भाव पाडण्याआधी खर्च तपासा. मी तयार कॅनव्हास सोडून मीटरवर कापड घेतलं आणि सुताराकडून चौकटी करून घेतल्या. एका चित्रामागे अडीचशे रुपये वाचले आणि कॅनव्हास जास्त घट्ट बसला.

सूट, आणि नात्यातली माणसं

साधारण वीस वर्षांपूर्वी अमळनेरला फ्लेक्स आला. तोवर नाना चौरस फुटाला चाळीस रुपये घेत होते. फ्लेक्सवाल्याने कमी भाव लावला म्हणून नानांनी तीस केले. मग पंचवीस. मग पंधरा. फ्लेक्स त्याहूनही खाली गेला, कारण त्याला माणूस लागतच नव्हता. नाना रात्री बारापर्यंत काम करायचे आणि हातात पूर्वीच्या निम्मेही यायचे नाहीत. पुढे ज्यांना हाताचंच अक्षर हवं होतं ते परत आले, मंदिराचे ट्रस्टी, ट्रॅक्टरची ट्रॉली सजवणारे. पण ते पंधराच द्यायला तयार होते. "मागल्या साली पंधरात केलं ना," म्हणायचे. नाना आजही सांगतात, तेव्हा चाळीसवर ठाम राहून कमी बोर्ड केले असते तर बरं झालं असतं. हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून छापलेली यादी मी खाली आणत नाही.

आपल्या लोकांना थोडं कमी करून घ्यायची सवय आहे आणि त्यात वाईट काही नाही. त्यासाठी मी दहा टक्क्यांपर्यंतची जागा ठेवली आहे. ती द्यायची तर बिलावर पूर्ण किंमत लिहायची, खाली "सूट" म्हणून रक्कम वजा करायची. म्हणजे घेणाऱ्यालाही चित्राचं खरं मोल कळतं. त्याहून मला आवडतो तो मार्ग म्हणजे पैसे कमी न करता काहीतरी जास्त देणं: घरी आणून टांगून देते, किंवा त्या चित्राचं पहिलं पेन्सिल रेखाटन सोबत देते. ते रेखाटन लोक जपून ठेवतात.

बैलबाजारात हेडे, म्हणजे बैलांचे व्यापारी, रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात, शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. तिथे प्रत्येक बैल वेगळा, प्रत्येक सौदा वेगळा. चित्रांचं तसं नको. प्रत्येक चित्राखाली माप, माध्यम, वर्ष आणि किंमत लिहिलेली चिठ्ठी असू द्या. ज्याला विचारायचा संकोच वाटतो तोही ती वाचतो, आणि विचारायला आला तर घ्यायच्या तयारीने येतो. तोंडी सांगायची वेळ आली तर आकडा सांगा आणि थांबा. "दहा हजार आठशे, पण आपण बघू काहीतरी" यातलं "पण" तुमचे दीड हजार घालवतं. समोरचा गप्प राहिला तर राहू द्या, तो मनात भिंत मोजत असतो.

नात्यात मी एकच नियम पाळते: भेट किंवा पूर्ण भाव. मामेबहिणीच्या वास्तुशांतीला मी चित्र भेट दिलं, एक रुपया घेतला नाही, पण मागे खडूने नाही, पक्क्या शाईने किंमत लिहिली, ७,३००. आत्याच्या मुलाने ऑफिससाठी दोन घेतली तेव्हा यादीप्रमाणे पैसे घेतले. "साहित्याचे तेवढे दे" असा मधला प्रकार एकदाच केला. त्यानंतर त्या घरातून सगळ्यांचे निरोप त्याच भावाने येऊ लागले. वर्षाला भेटी किती द्यायच्या हेही आधी ठरवा. माझ्या तीन असतात.

फोटोवरून व्यक्तिचित्र

आमच्या भागात नव्या चित्रकाराला पहिलं काम बहुधा हेच मिळतं. वर्षश्राद्धाच्या आधी कोणीतरी येतं, हातात वडिलांचा पासपोर्ट साइजचा धुरकट फोटो, कधी आधार कार्डावरचा. "फेटा घातलेला दाखवा, आणि थोडे हसरे करा." हे काम मनापासून करावं असं आहे, त्या घरासाठी ते चित्र देवघराइतकं मोलाचं असतं. म्हणूनच बोलणी आधी नीट व्हायला हवीत.

मी मापाच्या किमतीवर पहिल्या चेहऱ्याचे पंचवीस टक्के आणि पुढच्या प्रत्येक चेहऱ्याचे पंधरा टक्के जास्त घेते, कारण ओळख पटेपर्यंत चेहऱ्याला सुटका नसते. अर्धे पैसे आधी. मूळ फोटो खराब असेल तर घरातल्या दोन-तीन जणांना एकत्र बसवून पेन्सिलचं रेखाटन दाखवते. दोन वेळा दुरुस्ती मोफत, तिसऱ्यांदा पैसे. तारीख लेखी. एकदा मी ॲडव्हान्स न घेता दोन चेहऱ्यांचं मोठं चित्र केलं. भावांत वाद झाला आणि ते न्यायला कोणीच आलं नाही. दुसऱ्याच्या आई-वडिलांचं चित्र आपण विकूही शकत नाही आणि टाकूही शकत नाही. ते अजून माझ्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेलं आहे.

याच कामात कायद्याची एक बाब बहुतेकांना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, चित्र विकल्यावरही, तुमच्याकडेच राहतो. घेणारा ते भिंतीवर लावू शकतो, कॅलेंडरवर छापू शकत नाही. पण कोणी पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट मालक, वेगळा करार नसेल तर, तो सांगणारा असतो. म्हणून ऑर्डरच्या कागदावर एक ओळ घाला: "कॉपीराइट चित्रकाराकडे राहील." घरगुती व्यक्तिचित्राला मी आग्रह धरत नाही. हॉटेल, दवाखाना, बियाणं कंपनी यांचं काम असेल तर धरते, कारण तेच चित्र उद्या त्यांच्या पिशवीवर येऊ शकतं. छापायचे हक्क हवे असतील तर द्या, पण त्याचे पैसे वेगळे.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. ज्याचा कॉपीराइट आधीपासून तुमचाच होता असं मूळ चित्र पुढे कोणी दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला विकलं, तर त्या रकमेत तुमचाही वाटा असतो, जास्तीत जास्त दहा टक्के. पहिल्या विक्रीचं बिल जवळ नसेल तर हा वाटा मागणार कशाच्या आधारावर? पाचशेचं चित्र असलं तरी बिल करा.

जीएसटीचं थोडक्यात. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, सुरुवातीच्या चित्रकाराला ही मर्यादा पुरते. मात्र परराज्यात विकायला लागलात, किंवा भिंतचित्रं आणि कार्यशाळांचं उत्पन्न वाढलं, तर नियम बदलतात, तेव्हा सीएला विचारून घ्या. नोंदणी असलेली गॅलरी हाताने काढलेल्या चित्रावर सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के लावते, पूर्वी बारा होते. गॅलरीशी बोलताना तुमचा आकडा करासह की कराशिवाय हे आधी विचारा.

पाठवण्याचा खर्च घेणाऱ्याचा. मोठा कॅनव्हास मी चौकटीवरून काढून, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळते आणि ठिबकच्या दुकानातून आणलेल्या जाड पीव्हीसी पाइपात घालते. जळगाव जिल्ह्यात पाइपाला तोटा नाही. असा पाइप ट्रॅव्हल्सच्या डिकीत चेपला जात नाही.

भाव वाढवायचा दिवस

आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं. जुना हिशेब फिटतो, नवी रक्कम बोलली जाते, उचल दिली जाते. मीही माझी यादी आखाजीलाच बदलते. त्या दिवशी वर्षाची वही काढून बसते. केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त चित्रं विकली गेली असतील तर दहा टक्के वाढ. निम्म्याहून कमी गेली तर यादी आहे तशीच. दोन वर्षं असं झालं आहे, तेव्हा मी भाव न पाडता आठ बाय दहाची चित्रं जास्त केली. दोन हजारांचं चित्र शिक्षिकाही पगारातून घेऊ शकते, आणि पहिलं लहान घेतलेली माणसं पुढे मोठ्याकडे वळतात. एखादं चित्र गाजलं, बक्षीस मिळालं म्हणून वर्षाच्या मध्ये भाव दुप्पट करू नका. पुढच्या वर्षी तेवढ्याला गेलं नाही तर मागे यायला वाट राहत नाही.

या आखाजीला चोवीस बाय तीसचा दर १५ वरून साडेसोळा केला, किंमत ११,९००. महिनाभर आधी जुन्या आठ ग्राहकांना फोन करून सांगितलं की आखाजीपर्यंत जुनाच भाव आहे. दोघांनी लगेच चित्रं नेली. त्यातल्या एका बाईंनी तापीचं ते पाडळसऱ्याचं चित्र घेतलं, १०,८०० अधिक फ्रेमचे १,१००. नानांनी नवी यादी पत्र्याच्या तुकड्यावर इनॅमलने लिहून दिली. आता त्यांचा हात थोडा कापतो, म्हणून त्यांनी आधी खडूची दोरी मारून पाच रेघा आखल्या, आणि आकडे सावकाश, एकेक करून भरले.